वडिलांची संमती

"मैडम, बच्ची के फादर... हैं ना?"

इंदूरला व्हिसाची कामं करून देणाऱ्या ऑफिसात समोर बसलेल्या मुलीनं आवाज खाली आणून मला विचारलं. तिचा काही दोष नव्हता. माझी सानिका सोळा वर्षांची. आयर्लंडमधल्या एका निवासी शाळेनं तिला अकरावी-बारावीसाठी पूर्ण शिष्यवृत्ती देऊ केली होती. मूल अल्पवयीन असलं की व्हिसासाठी आई आणि वडील दोघांची संमती लागते, नोटरीसमोर सही केलेली. वडिलांची नसेल तर कोर्टाचा हुकूम, नाहीतर मृत्यूचा दाखला. "हैं," मी म्हटलं. पण तो शब्द तोंडातून निघाला आणि माझ्या ध्यानात आलं, की हे मला खात्रीनं ठाऊक नाही.

सानिका सहावीत असताना तिचे वडील नर्मदेच्या परिक्रमेला निघाले. भांडण नव्हतं, व्यसन नव्हतं. माझे सासरे गेले आणि हे हळूहळू बोलेनासे झाले. विम्याच्या कचेरीतून येत, खिडकीपाशी बसत. एक दिवस म्हणाले, "पायी जाऊन येतो. बरं वाटेल." मी डबा भरून दिला, सानिकानं आपली पाण्याची बाटली दिली. सुरुवातीला दर एकादशीला कुणाच्या तरी फोनवरून खुशाली कळायची, मग महिन्यामहिन्यानं. शेवटचा फोन आला तो धार जिल्ह्याच्या दक्षिणेकडून, डहीच्या बाजूनं. आजारपणामुळे परिक्रमा खंडित झाली, आता ओंकारेश्वराहून पुन्हा संकल्प करून निघणार, एवढं बोलले. त्यानंतर काही नाही.

मी देवासला एका औषधांच्या कारखान्यात प्रयोगशाळेत काम करते. तपासल्याशिवाय कुठल्याही गोष्टीवर शिक्का मारायचा नाही, ही आमची रोजची शिस्त. देवाचंही मी तसंच करून ठेवलं होतं. नवरात्रात शेजारणींबरोबर टेकडीवर देवीला जायची, हात जोडायची. पण आत सगळं कोरडं. आणि नर्मदेचं नाव निघालं की घशाशी कडू यायचं. लोक तिला मैय्या म्हणतात. मैय्या असेल तर एका मुलीच्या बापाला काठाकाठानं फिरवत का ठेवते, हा माझा प्रश्न होता आणि तो मी कुणाला विचारत नव्हते.

वकिलांनी सांगितलं, कोर्टाच्या हुकमाला महिने लागतील. शाळेची मुदत तेवढी नव्हती. सानिका शांत होती. "आई, तू टेन्शन नको घेऊस. नाही झालं तर इथंच ॲडमिशन घेईन. ऐसा क्या हो जाएगा?" असं म्हणाली आणि मागच्या खोलीत जाऊन बसली. ती रडली असती तर मला सोपं गेलं असतं.

शेवटी मी धारला सासूबाईंना फोन केला. त्या माझ्या दिरांकडे असतात. त्यांना गुडघ्यांचा त्रास, साखरेचा त्रास. माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "अगं, चातुर्मास लागलाय. परिक्रमावासी आता चालत नाहीत, एका जागी मुक्काम करतात. जिथं असेल तिथं थांबलेला असेल. आपण जाऊ." मी म्हटलं, "आई, काठ केवढा लांब आहे. कुठं शोधायचं?" त्या म्हणाल्या, "मी कुठं म्हणते की आपण शोधू? आपण नुसतं जाऊ." तेव्हा मला त्या शब्दांचा राग आला होता.

धारहून भाड्याची गाडी केली. शेवटचा फोन त्याच बाजूचा होता म्हणून मनावर, कुक्षी करत खाली नर्मदेच्या काठाकडे उतरलो. धरणाच्या पाण्यामुळे त्या भागातले जुने घाट बुडाले आहेत, आश्रम वर टेकाडांवर आलेत. प्रत्येक ठिकाणी मी फोनमधला फोटो दाखवायची. फोटोत हे गुळगुळीत दाढी केलेले, चष्मा लावलेले, सानिकाच्या वाढदिवसाला टोपी घातलेले. एका म्हाताऱ्या साधूंनी फोटो निरखून पाहिला आणि हसून म्हणाले, "बेटी, ऐसा तो यहाँ कोई नहीं आता. आते होंगे तो ऐसे नहीं रहते होंगे." खरंच होतं ते. मी ज्याला शोधत होते तो माणूस फोटोतच राहिला होता.

डहीला पोचलो तेव्हा दिवस कलला होता. रिमझिम चालू होती. गाडीचं चाक पंक्चर झालं. गाडीवाला म्हणाला, "माँजी, आधा घंटा लगेगा," आणि चाक घेऊन दुकान शोधायला गेला. सासूबाईंना घाम फुटला होता, हात थरथरत होते. साखर उतरली होती. पिशवीतली बिस्किटं वाटेतच संपली होती. मी त्यांना धरून रस्त्याकडेच्या एका घराच्या ओसरीवर बसवलं आणि दार वाजवणार, तोच ते आतून उघडलं. तिशी-पस्तिशीची एक बाई होती. तिनं काही विचारलं नाही. सासूबाईंच्या चेहऱ्याकडे पाहिलं, आत गेली, गुळाचा खडा आणि पाणी घेऊन आली. मग म्हणाली, "माँजी, बाहर कायको बैठना? भीतर आओ. रोटी बन रही है." तिचं नाव सुगनबाई. नवरा गुजरातेत कामाला, घरी ती आणि तिची सासू.

चुलीपाशी बसून आम्ही ज्वारीची भाकरी आणि लसणाची चटणी खाल्ली. सासूबाईंना तरतरी आली. आम्ही कशासाठी आलो ते मी मुद्दाम बोलले नाही. दिवसभर तेच सांगून माझी जीभ थकली होती. दिवेलागण झाली तशी सुगनबाईनं कोनाड्यात दिवा लावला, आणि सासूबाईंनी सवयीनं हात जोडून सांजेचे श्लोक म्हटले. ते संपल्यावर आमच्या घरात एक ओळ म्हणतात. ती कुठल्या पोथीतली नाही. सासूबाईंच्या आईनं जुळवलेली, तिचे यजमान संस्थानच्या कामाला गावोगाव फिरत म्हणून. सासूबाई म्हणाल्या, "देवा, घरात आहे त्याला जेवू घाल..."

आणि कोनाड्यापाशी उभ्या असलेल्या सुगनबाईनं पुढचं म्हटलं, "वाटेवर आहे त्याला साँभाल."

उच्चार तिचे होते, शब्द आमचे होते. मला आधी वाटलं, मला भास झाला. सासूबाईंनी डोळे उघडले. मग त्यांनी अगदी हळू विचारलं, "बेटी, ये तूने कहाँ सीखा?"

"मेरे मायके में," ती म्हणाली. "नर्मदाजी के किनारे. वहाँ एक बाबाजी रुके हैं चौमासे में. रोज़ साँझ को बोलते हैं. मैंने पूछा ये क्या है, तो बोले, जिसका आदमी बाहर हो उसके लिए है. मेरे वो भी बाहर हैं ना. तो मैं भी बोलने लगी." मग आमच्याकडे आळीपाळीनं पाहत म्हणाली, "आप रो क्यों रहे हो?"

मी याला काय म्हणावं हे मला आजही ठरवता येत नाही. चाक कुठंही पंक्चर झालं असतं. साखर अर्धा तास आधी किंवा नंतर उतरली असती. असं होऊ शकतं, हे मला माझ्या नोकरीनं शिकवलंय. पण त्या घरात, त्या धुरात, मी काही तपासत नव्हते. आमच्या घरातलं एक वाक्य या अनोळखी बाईच्या ओठांवर वाट पाहत थांबलं होतं, एवढंच मला दिसत होतं. अंधारात, पावसात काठावर जाता येणार नव्हतं; त्या रात्री तिच्या सासूशेजारी घोंगडीवर मला फार दिवसांनी गाढ झोप लागली.

सकाळी सुगनबाई गाडीत पुढं बसून वाट दाखवत आली. टेकाडावर पत्र्याचं छप्पर घातलेला एक लहानसा आश्रम, खाली धरणाचं पसरलेलं करडं पाणी. हे बाहेर बसून भेंडी चिरत होते. दाढी छातीपर्यंत आली होती, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. आम्हाला पाहून ते उठले, आणि उठून काय करायचं ते त्यांना कळेना. सासूबाई गुडघे सावरत गेल्या, त्यांची दाढी हातात धरून म्हणाल्या, "पांढरं आलं की रे बाळ." त्यांनी आईच्या पायांवर डोकं ठेवलं.

मी वाटेत काय काय बोलायचं ठरवलं होतं. बरंच होतं, आणि सगळं खरं होतं. पण समोर उभी राहिले आणि त्यातलं एकही वाक्य आता माझ्या कामाचं नाही असं वाटलं. मी फक्त सानिकाच्या शाळेचं आणि संमतीचं सांगितलं.

"दहावी झाली ती?" ते म्हणाले आणि खाली बसले. भेंडीचं ताट बाजूला सारलं. मग म्हणाले, "माझी संमती कुठल्या तोंडानं देऊ? मला तो हक्क उरलाय का?"

मी म्हटलं, "हक्काचं नंतर बघू. तिला जायचंय."

अडचण वेगळीच निघाली. त्यांची झोळी मागच्या पावसाळ्यात पाण्यात गेली होती, ओळखपत्र त्यातच. अंगठा देऊन आधारची नवी प्रत काढायची आणि मग नोटरीसमोर सही करायची, तर स्वतः कुक्षीला यायला हवं. पायी जाऊन यायला वेळ नव्हता. आणि पायी परिक्रमेचा नेम घेतलेला माणूस वाहनात बसला की परिक्रमा तुटते. एकदा आजारपणात तुटलेली, पुन्हा पहिल्यापासून उचललेली, समुद्राला वळसा घालून इथवर आलेली. मला हे ठाऊक होतं. मी त्यांना गाडीत बसा म्हटलं नाही. सासूबाईंनीही नाही. हे पाण्याच्या काठापर्यंत गेले, तिथं हात जोडून थोडा वेळ उभे राहिले. परत आले, पायांतली माती झटकली आणि गाडीचं दार उघडून आत बसले. "चला," म्हणाले. "मैय्या माझी आई आहे. बापाला मुलीकडे जायला ती अडवायची नाही."

कुक्षीत सगळं दुपारपर्यंत झालं. नोटरीच्या कचेरीबाहेर मी सानिकाला व्हिडिओ कॉल लावला आणि फोन यांच्या हातात दिला. यांनी दोऱ्यानं बांधलेला चष्मा नीट बसवला. मग म्हणाले, "तिकडे थंडी फार असेल ना?"

"हो, पप्पा," ती म्हणाली. "स्वेटर घेतलाय." मग एकदम ती हिंदीवर आली, "आप ठीक हो ना?"

"ठीक हूँ, बेटा," हे म्हणाले.

संध्याकाळी आम्ही त्यांना काठावर परत सोडलं. चातुर्मास संपला की पुन्हा ओंकारेश्वरला जाऊन पहिल्यापासून निघेन, असं ते म्हणाले. मी घरी चला म्हटलं नाही. म्हणावंसं वाटलं नाही असं नाही. निघण्यापूर्वी मी खाली उतरले आणि घोट्यापर्यंत पाण्यात उभी राहिले. काही मागितलं नाही. पाणी कोमट होतं.

परतीच्या वाटेवर मी सासूबाईंना विचारलं, "आई, तुम्ही त्यांना थांबवलं का नाही? तुमचं ऐकलं असतं." त्या खिडकीबाहेर बघत होत्या. म्हणाल्या, "अगं, सापडला ना. सापडलेल्याला बांधायचं कशाला?" समर्पणाबद्दल मी नंतर प्रवचनं ऐकली आहेत, पण मला कळलं ते एवढंच.

व्हिसा वेळेत आला. सानिका गेली. विमानतळावर काचेपलीकडे वळून तिनं एकदाच हात केला, आणि मला वाटलं होतं तशी मी कोसळले नाही. आता दर रविवारी तिला काठावरच्या कुठल्या ना कुठल्या नंबरावरून यांचा फोन येतो. कधी चुकतो, मग ती मला विचारते आणि मी म्हणते, नेटवर्क नसेल. दिवाळीत सुगनबाईनं आम्हाला ज्वारीचं पीठ पाठवलं. तिचा नवरा सणाला घरी आला होता, हे तिनं फोनवर दोनदा सांगितलं.

परवा सानिका म्हणाली, उन्हाळ्यात येईन तेव्हा आपण दोघी पप्पांना भेटायला जाऊ. मी हो म्हटलं. मग तिनं विचारलं, "आणि आई, नाही भेटले तर?"

"तर सुगनबाईकडे भाकरी खाऊ आणि परत येऊ," मी म्हटलं.

ती हसली. हे म्हणताना माझ्या आत काहीही तुटलं नाही. त्याबद्दल मी मैय्येची ऋणी आहे.