इराणी भुताचं सातवं रीळ

बायको जाऊन तीन वर्षं झाली. लोक म्हणतात घर खायला उठतं. माझं घर काही खात नाही, नुसतं गप्प बसतं. ती होती तेव्हा त्याची गप्प बसायची टाप नव्हती. तिची एक गोष्ट लिहून ठेवतो. शाळा माझी चौथीपर्यंत, तेव्हा काना-मात्रा चुकली तर ज्याची त्याने सुधारून घ्यावी.

मी नाशकात एका टॉकीजमध्ये ऑपरेटर होतो. मशीनवर रिळं चढवून पिक्चर दाखवायचा, हे काम. सव्वीस वर्षं त्या केबिनमध्ये घाम गाळला आणि एकदाही रीळ मागंपुढं झालं नाही. दुसऱ्या टॉकीजांत हिरोला पोरगं आधी आणि लग्न नंतर, असले प्रकार घडायचे. आमच्याकडे नाही. हे मी येता-जाता सगळ्यांना ऐकवायचो. बायको म्हणायची, "सांगा सांगा, देव ऐकतोय."

दोन हजार साल नुकतंच उलटलं होतं. शहरातल्या शिकल्यासवरल्या लोकांनी फिल्म क्लब काढला होता. महिन्यातल्या एका रविवारी सकाळी ते आमच्या टॉकीजात परदेशी पिक्चर लावायचे. त्यांचे म्होरके एक प्राध्यापक होते. माणूस सरळ, पण कशाचाही अर्थ काढल्याशिवाय त्याला चहासुद्धा गोड लागायचा नाही.

"काका," ते मला म्हणाले, "या खेपेला इराणचा पिक्चर आहे. फारसी भाषा. भुताचा आहे, पण प्रायोगिक."

"प्रायोगिक म्हणजे?"

"म्हणजे भूत दिसत नाही."

"मग बघायचं काय?"

ते हसले. मी गंमत केली नव्हती.

आठ डबे आले. प्रत्येक डब्यावर चिकटपट्टी, तिच्यावर फारसी आकडा. आपले आकडे मला येतात, इंग्रजी येतात, हे काही उमगेनात. आमचा गेटकीपर मालेगावचा, उर्दू शाळेत शिकलेला. त्याला वर बोलावलं. त्याने एकेका डब्यावर बोट ठेवून आकडे शिकवले.

"सात म्हणजे उघडी झोळी, चाचा. आणि आठ म्हणजे तीच झोळी पालथी. भूलना मत."

"अरे, सव्वीस वर्षं झाली मला," मी म्हणालो.

रविवारी बायको आली. भुताचा पिक्चर म्हटलं की ती चुलीवरचं खाली उतरवून यायची. येताना रविवार कारंजावरून मेथीची जुडी घेतली आणि शेवटच्या रांगेत बसून मांडीवर मेथी खुडायला लागली. पिक्चर असा, की एक बाई, एक मोठं घर, आणि बाईला वाटतं घरात आणखी कोणीतरी आहे. संगीत नाही, गाणं नाही. दार आपोआप उघडतं. पाच मिनिटं आपण त्या दाराकडंच बघायचं. सगळा हॉल श्वास रोखून बसलेला आणि मागून माझ्या बायकोचा आवाज, "दरवाजा म्हणाली! ऐकलं का, आवाज म्हणाली! अगं बाई, ही तर आपलंच बोलते!"

प्राध्यापकांनी वळून बघितलं. ती मेथी खुडत राहिली.

शेवटाकडे बाई जिना उतरून तळघरात जाते, जमिनीवर आडवी होते आणि मरते. घर रिकामं. मग फारसी नावांची रांग वर सरकायला लागली. लोक चपला शोधायला लागले. तोवर मी दुसऱ्या मशीनवरचं शेवटचं रीळ सुरू केलेलं होतं. मला वाटलं, आपल्याकडे नावं सुरुवातीला येतात, या लोकांची कुठेही येत असतील.

आणि पडद्यावर तीच बाई! अंगणात उन्हात बसून तांदूळ निवडतेय. बोलत नाही, नुसती गुणगुणते. मधेच मान वर करून आपल्याकडे बघते. अर्धे उठलेले लोक धपकन खाली बसले. दहा मिनिटं कुणी खोकलंसुद्धा नाही. त्या बाईने सगळे तांदूळ निवडले, सूप बाजूला ठेवलं, आणि पांढरा पडदा.

टाळ्या पडल्या. प्राध्यापक स्टेजवर चढले. "बाई मेली तरी तिचं घरकाम संपत नाही," ते म्हणाले. "मित्रहो, हेच खरं भूत!" बायामाणसांनी तर आणखी जोरात टाळ्या वाजवल्या.

घरी येताच बायकोने पिशवी आपटली. ती सटाण्याकडची. डोकं फिरलं की माहेरची अहिराणी बाहेर यायची. "अवो, ती बाई ते मरेल व्हती ना? मग तांदूळ कशी निवडस?"

"ते प्रायोगिक आहे. तुला नाही कळायचं."

"मला नाही कळायचं? मेल्यावरही तांदूळ निवडायचे असतील, तर मी मरतच नाही जा."

शब्द पाळला नाही तिने.

जेवताना पुन्हा म्हणाली, "डबे नीट बघितले होते का?" मी चिडलो. पण घास उतरेना.

सोमवारी गेटकीपरला घेऊन केबिनमध्ये गेलो. सातवा डबा हातात घेतला. उघडी झोळी. सहज फिरवला, तर झोळी पालथी. सातचा आठ! डबा गोल, गोलाला वर कुठलं अन् खाली कुठलं? गेटकीपरने डबा सुलट धरून पट्टीवरची बारीक फारसी अक्षरं वाचली आणि पोट धरून खालीच बसला. "चाचा, आठ पहले, सात बाद में! आपने मुर्दा जिंदा किया!"

मला हसू आलं नाही. सव्वीस वर्षं पाण्यात गेली होती. वर त्याच संध्याकाळी प्राध्यापक आले. म्हणाले, "काका, शहरभर चर्चा आहे. नाशिक रोडच्या मंडळींचा हुकला, येत्या रविवारी पुन्हा लावू." त्यांनी एक पत्रक छापून आणलं होतं. त्यात त्या शेवटाचा अर्थ दोन पानं भरून.

आता आली का पंचाईत? तसंच चुकीचं लावलं तर कुणाला पत्ता लागणार नव्हता, माझं नाव शाबूत. पण मला माहीत होतं ना. बरोबर लावलं तर सगळे विचारणार, मागच्या रविवारी काय दाखवलंत मग?

बायकोला सांगितलं. वाटलं, म्हणेल खरं बोला. ती म्हणाली, "चुकीचंच लावा. तुमचं नाव राहतं, त्या मास्तरांचा कागद राहतो, आणि ती बाईही राहते. कुणाचं काय बिघडतंय?"

तीन दिवस मी नीट जेवलो नाही. रविवारी हॉल भरला, तसा केबिनमधून उतरलो आणि सरळ स्टेजवर गेलो. आयुष्यात पहिल्यांदा पडद्याच्या पुढं उभा राहिलो. म्हणालो, "मागच्या वेळी मी सातच्या आधी आठ लावलं. बाई मरून उठली नाही, मी उठवली. चूक माझी. आज बरोबर दाखवतो."

कुणीतरी फिसकन हसलं आणि सगळा हॉल हसत सुटला. प्राध्यापकांचं तोंड कारलं खाल्ल्यासारखं झालं. पण माणूस मोठा. हातातली पत्रकं त्यांनी दुमडून खिशात घातली आणि म्हणाले, "सभासदांनीच ठरवावं. कोणता शेवट बघायचा? काकांचा असेल तर हात वर करा."

भराभर हात वर. शेवटच्या रांगेत माझी बायको, दोन्ही हात वर.

"हात खाली घ्या," मी म्हणालो. "पिक्चर तिकडच्या माणसाने बनवलाय. तुम्हीही नाही, मीही नाही."

आणि लावला. बाईने तांदूळ निवडले, सूप ठेवलं, जिना उतरली, मेली. नावं आली. दिवे लागले. त्या दिवशी भाषण झालं नाही. लोक गुपचूप चपला घालून गेले.

रिक्षात बायको रस्त्याकडं तोंड करून बसली. अर्ध्या वाटेवर म्हणाली, "नाव राखलंत. बाई मारलीत."

"ती मरणारच होती."

"सगळेच मरणारेत. म्हणून काय तुम्ही घाई करायची?"

घरी जेवायला बसलो. तिने ताटात पहिल्यांदा ताकभात वाढला. मी बघत राहिलो. तो संपल्यावर पोळी आणि वांग्याची भाजी. मग वरणभात, वर तूप. आणि सगळं आटोपल्यावर मीठ, लिंबाची फोड आणि चटणी.

"हे काय?" मी विचारलं.

"गुमान जेवा. पोट काय विचारणारे, आधी काय आलं ते?"

माझ्या समोर बसून ती मला न्याहाळत होती, हसू दाबून. मी मीठ चाटलं, लिंबू चोखलं, चटणीचं बोट तोंडात घातलं. डोळ्यांत पाणी आलं. चटणी तिखटच होती.