अंबादासभाऊ घाबरले नव्हते

पाळणा. जिन्याच्या तोंडाशी बसवलेलं फाटक. गॅलरीची जाळी, जिच्यातून पोरीची मूठसुद्धा बाहेर जात नव्हती. उंची वाढवता येईल असं अभ्यासाचं टेबल.

माझ्या गौरीसाठी हे सगळं मी माझ्या हातानं केलं. आयटीआय नाही, उस्ताद नाही. बघून बघून शिकलो.

अंबादासभाऊंच्या शाळेच्या रिक्षाचा दरवाजाही मीच केला.

अंबादासभाऊ आज सकाळी गेले. दुपारी चारला नेणार आहेत. त्याआधी हे लिहून व्हायला हवं. कारण तिथे कोणीतरी हमखास म्हणेल, "मानूस चांगला होता, पन त्या दिवशी घाबरला."

ते घाबरले नव्हते.

गौरीच्या शाळेसाठी आम्ही धामणगाव बढे सोडून बुलढाण्यात आलो. दोन खोल्या, वरचा मजला. गावात पोर कुठेही गेली तरी चार घरांची नजर असायची. शहरात माझी एकट्याची.

रविवारी तिघं भेळ खायला जायचो, तेव्हाही मी तिचं मनगट धरून.

बायको म्हणायची, "अहो, सोडा ना हात. पोरगी भेळ कोन्या हातानं खाईन?"

रिक्षात पाच पोरं. उजवीकडे पक्के गज, डावी बाजू उघडी. पहिले आठ दिवस मी मोटरसायकलवर मागे मागे गेलो. नवव्या दिवशी अंबादासभाऊंनी रिक्षा थांबवली.

"मिस्तरी, पेट्रोल काऊन जाळता? याच्यातच बसत जा ना. पोरायले पाढे तरी शिकवसान."

मी म्हणालो, दरवाजा बसवून देतो. पैसे नकोत.

एक इंची चौकोनी पाईप, जाळी, बाहेरून सरकणारी कडी. कडीला केसभरही ढील ठेवली नाही. बाकी रिक्षांचे दरवाजे खडखडायचे, माझा एक आवाज करत नव्हता. त्याचा मला फार अभिमान.

माझं दुकान शाळेच्या वाटेवर. बारा चाळीसला रिक्षा समोरून जायची. दोनदा हॉर्न. तो ऐकला की मी डबा उघडायचो.

गौरी दुसरीत होती.

बारा चाळीस झाले. बारा पन्नास. फोन लागेना.

एकला मी वेल्डिंगची मशीन चालूच ठेवून निघालो.

तिसऱ्या वळणावर गर्दी.

समोरून आलेल्या पाण्याच्या टँकरला वाट देताना रिक्षाचं मागचं चाक नालीवरच्या फरशीवर गेलं होतं. फरशी खचली. रिक्षा अर्धवट कलंडली, दरवाजापाशी हात पोचत होता, पण तिचा सांगाडा पिळला गेला. पेट्रोल ठिबकत होतं.

मी पोहोचलो तोवर पाचही पोरं बाहेर होती. अंबादासभाऊंनी मागचं हूड फाडून एकेकाला ओढून काढलं होतं. गौरीच्या हनुवटीतून रक्त येत होतं. तीन टाके पडले.

लोक विचारत होते, दरवाजा सोडून हूड काऊन फाडलं? एवढा वेळ काऊन लागला?

अंबादासभाऊ म्हणाले, "घाबरलो ना बाप्पा. कडी काढाचं सुचलंच नाही."

सगळ्यात मोठ्यानं मी ओरडलो. "घाबरता, तं लोकायची लेकरं नेता काऊन?"

चारचौघांत म्हणालो.

संध्याकाळी गौरी म्हणाली, "बाबा, काका कडी ओढत होते. दोन्ही हातानं. निघतच नव्हती."

"तू घाबरली होती बेटा. तुले तसं वाटलं."

सात वर्षांच्या पोरीला मी हे सांगितलं.

दुसऱ्या दिवशी रिक्षा दुरुस्तीला माझ्याकडेच आली. कडी चौकटीत अशी आवळून बसली होती, की हातोड्याचे नऊ घाव घालावे लागले. सांगाडा पिळला तर कडीला सरकायला जागा हवी. ती मी ठेवलीच नव्हती. उस्तादाकडे शिकणाऱ्याला हे पहिल्याच महिन्यात सांगतात.

अंबादासभाऊंच्या दोन बोटांची नखं उखडली होती.

"भाऊ, सांगितलं काऊन नाही?"

"काय सांगू? उद्या शाळेत पोरं तिले म्हनतीन, तुह्या बापाच्या कडीपायी मरत होतो आमी. लेकरू तोंड कुठं लपवन? मले काय, घाबरला म्हनतीन."

मग कडी उलटसुलट पाहून म्हणाले, "पन मिस्तरी, याच्यात जराशी हवा ठेवत जा."

मी नवी कडी केली. सैल, आतूनही उघडणारी. तोवर पाचांपैकी तीन घरांनी रिक्षा बदलली होती. उरलेल्या दोघींकडून ती दहा-दहा वेळा उघडून घेतली. गौरी सहावीपर्यंत त्याच रिक्षात खडखडत गेली.

त्या तीन घरी जाऊन खरं काय ते मी सांगितलं नाही. बारा वर्षं सांगितलं नाही.

गौरी आता पुण्यात शिकते. सकाळी फोन केला तर रडली. मग विचारलं, "बाबा, मला तेव्हा बरोबर दिसलं होतं ना?"

हो बेटा. तुला बरोबर दिसलं होतं.

ती तीन घरं माझ्या फ्रेंडलिस्टमध्ये आहेत. वाचतील. शहरात मी केलेलं प्रत्येक फाटक लोक आता हलवून बघतील. चार वाजायला पावणेदोन तास आहेत.

अंबादासभाऊ, पाच लेकरं तुम्ही काढलीत. अडकवली होती मी. तुमच्या उखडलेल्या नखांना माझा नमस्कार.

आणखी एक सांगायचं राहिलं.

अपघातानंतर महिन्याभरानं शाळेच्या गाड्यांचा एक ठेकेदार दुकानात आला होता. नवी कडी हलवून म्हणाला, "हे वाजते. जुनी होती तशीच गच्च करून द्या. तिच्यात खोट नव्हती, ड्रायव्हरच घाबरट."

बावीस गाड्या. दरवाजामागे चोवीसशे.

मी नाही म्हणालो. कारण सांगितलं, वेळ नाही.

खरं कारण आज वर लिहिलं आहे. ते तेव्हा सांगावं लागू नये म्हणून सोडलेली रक्कम होती बावन्न हजार आठशे रुपये.