हामानाचं नाव

कोकणातल्या आमच्या गावात यंदा पुरीम या ज्यूंच्या सणाच्या सकाळी सिनेगॉगच्या दारात बंदूकवाला पोलीस उभा होता. मी दरवर्षीसारखा शेजारी म्हणून आत बसलो होतो. एस्तेर राणीची पोथी वाचताना, ज्यूंचा निर्वंश करायला निघालेल्या हामानाचं नाव आलं की पाय आपटून ते आवाजात बुडवायचं, अशी रीत.

नाव आलं. बाकं हादरली आणि पोलिसाचा हात झटकन बंदुकीवर गेला. सगळ्यांचे पाय थांबले.

शेजारच्या रिबेकामावशी पोलिसाला म्हणाल्या, “घाबरू नका हो, आमचा जुना शत्रू आहे तो.”

कोणी हसलं नाही. जुना शत्रू बरा, मला वाटलं. त्याचं नाव तरी ठाऊक असतं.

वाचन पुढे सरकलं. पुन्हा नाव आलं, तेव्हा पाय उचलण्याआधी सगळ्यांनी दाराकडे पाहिलं.