पाठवलेली

रविवारी चर्चमध्ये पाळकसाहेब सांगत होते, "प्रेषित म्हणजे पाठवलेला माणूस." माझ्या शेजारी सुगंधामावशी सुजलेले पाय चोळत बसल्या होत्या. आमच्या चर्चच्या मंडळीने त्यांना तीस वर्षं गावोगाव येशूचं शुभवर्तमान सांगायला पाठवलं होतं.

मी हळूच म्हणालो, "मावशी, म्हणजे तुम्हीही प्रेषितच."

"पाठवलं खरं," त्या म्हणाल्या, "पण तिकडे काय झालं, हे परत आल्यावर कुणी विचारलं नाही."

बायबलमध्ये प्रेषित परतले तेव्हा येशूने त्यांचं सारं ऐकून घेतलं आणि त्यांना विसावा घ्यायला सांगितलं. तो भाग प्रवचनात आलाच नाही.

उपासना संपताच पाळकसाहेब आमच्यापाशी आले. "मावशी, पाहुण्यांच्या चहाचं जरा बघा."

मावशी उठून चहा करायला गेल्या आणि मी बाकावर बसूनच राहिलो.