वडाच्या जागी ओक

चहा आधी संपवा, मग ऐका. हा किस्सा ऐकताना दोन जणींच्या हातून कप सांडलेत आणि कार्पेट माझं आहे.

पलीकडच्या खेड्यात मला आता 'ओकवाली बाई' म्हणतात. हे नाव कसं पडलं, ते माझ्या तोंडूनच ऐकलेलं बरं. आमचे हे सांगायला लागले की फारच मीठमसाला घालतात.

आम्ही राहतो इंग्लंडात, मिल्टन कीन्सपासून जरा लांब, एका छोट्या बाजाराच्या गावात. चौकात भाजीचे, ब्रेडचे स्टॉल लागतात, तेवढीच काय ती गजबज. गेल्या हिवाळ्यात ह्यांना स्टेंट बसवला आणि डॉक्टरांनी चालायला सांगितलं. म्हणून दर शनिवारी आम्ही बाजारामागचा फुटपाथ धरायला लागलो. फुटपाथ म्हणजे फरशीबिरशी काही नाही हं, नुसती पायवाट. मेंढ्यांच्या कुरणातून, शेताच्या कडेने जाते आणि पुढच्या खेड्यात निघते. मध्ये कुंपणं लागतात, त्यांवर लाकडी पायऱ्या चढून पलीकडे उतरायचं. साडी नेसून एकदा उतरून दाखवा, मग बोलू.

खेड्यातल्या हॉलमध्ये शनिवारी चहा आणि केक असतो म्हणे. 'म्हणे' अशासाठी, की आम्ही तिथवर कधी पोचलोच नव्हतो. अर्ध्या वाटेवर एक जुना ओक आहे, त्याच्याखाली एक सपाट दगड. हे तिथे बसायचे, छातीवर हात ठेवायचे आणि म्हणायचे, "व्ह्यू छान आहे गं."

व्ह्यू कसला, समोर मेंढीची पाठ. मीही म्हणायचे, "हो ना, छान आहे." मग आम्ही दोघं परत फिरायचो.

जूनमध्ये वटपौर्णिमा आली. इथे वड कुठून आणणार? ब्रॅकनेलची माझी मैत्रीण लॅपटॉपवर वडाचा फोटो लावते आणि लॅपटॉपलाच फेऱ्या घालते. एरवी मीही कुंडीतल्या फांदीवर भागवते. पण यंदा मला ह्यांचं आयुष्य अगदी मनापासून मागायचं होतं. म्हटलं, ज्या झाडाखाली ह्यांचा जीव जरा शांत होतो, तोच आपला वड. देवाला पानांचा आकार बघायला वेळ आहे का?

एकटीच गेले. हळद वाहिली, कुंकू लावलं. वाऱ्याने उडू नये, पावसाने जाऊ नये, म्हणून तेलात कालवून चांगलं ठसठशीत लावलं. पांढरा दोरा गुंडाळत सात फेरे घातले. एक मेंढी दोन फेरे माझ्या मागून आली. तिच्याही नवऱ्याला काहीतरी असेल.

त्याच आठवड्यात बाजारात ब्रेडच्या स्टॉलपाशी मार्गारेट भेटली. ही त्या खेड्यातली, वाटेवर कुत्र्याला फिरवताना दर शनिवारी दिसणारी आजी. एरवी हवेबद्दल बोलते. त्या दिवशी हवेचं नावच नाही.

"ऐकलंस का डिअर? आपला ओक तोडणार आहेत. कौन्सिलने त्यावर लाल खूण केलीय."

माझ्या हातातला ब्रेड खाली पडला. आत्ताच तर पूजा केली आणि झाडच तोडणार? मला झाड दिसेचना. दगडावर छातीला हात लावून बसलेले हेच दिसायला लागले.

तुमच्या लक्षात आलं असेल एव्हाना. माझ्या नाही आलं. हसू नका, माझ्या डोक्यात पूजेचा कप्पा वेगळा आणि कौन्सिलचा, म्हणजे इथल्या नगरपालिकेचा, वेगळा. ते दोन्ही एकाच वेळी कधी उघडलेच नव्हते.

"मग आता काय करायचं?" मी विचारलं.

"शनिवारी सगळे झाडापाशी जमतोय. मी कौन्सिलला फोनवर खूप बोललेय. त्यांचा माणूस येतोय."

"मी खायला आणते," मी म्हटलं. लढ्याला उपाशी पोटी कसं जायचं?

घरी येऊन गणपतीसमोर हात जोडले. झाड वाचलं तर बाजारापासून खेड्यापर्यंत अनवाणी चालत जाईन.

"अगं, वाटेत खाजरी नेटल्स आहेत," हे म्हणाले.

"गणपती बघून घेईल."

"गणपतीला नेटल्स काय माहीत? तो काय इथे राहतो?"

शनिवारी बटाटेवड्यांचा डबा घेऊन पोचलो, तर वाटेवर ही गर्दी. फांद्यांना रिबिनी, पोरांनी रंगवलेले बोर्ड. मी सरळ जाऊन खोडाला मिठी मारली आणि इंग्रजीत म्हणाले, "हे झाड आमच्या घरातलं आहे." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मार्गारेटने डोळे पुसले. हे दगडावर बसून माझ्याकडे कौतुकाने बघत होते. लग्नानंतर प्रथमच, असं वाटतं.

कौन्सिलचा माणूस आला. नारिंगी जॅकेट, दमलेला चेहरा. म्हणाला, "हे झाड तोडायचं आम्ही ठरवलेलंच नाही. आमची खूण नारिंगी स्प्रेची असते. तुमची लाल खूण दाखवा मला."

मार्गारेट त्याला खोडाच्या मागच्या बाजूला घेऊन गेली. सगळे मागोमाग. मीही, डबा सांभाळत, चांगली तावातावात.

आणि बघते तर माझंच कुंकू. शेजारी हळद. खाली दोरा. वर एक अक्षतही चिकटलेली.

त्या माणसाने पिवळ्या डागावर बोट फिरवलं. वास घेतला. जरा विचार केला. मग हळूच वळून माझ्या डब्याकडे बघितलं. त्याच्यामागून मार्गारेटने बघितलं. मग कुत्र्याने.

सांगून टाकलं सगळं. वटपौर्णिमा काय, स्टेंट काय, सात फेरे काय. सांगताना रडूच आलं मला. ही इंग्रज माणसं रागावली असती तर परवडलं असतं, पण ती रागावलीच नाहीत. सगळे नुसते प्रेमाने मान हलवत होते.

"मी आठवडाभर कौन्सिलला खुनी म्हणतेय," मार्गारेट पुटपुटली.

"मला माहीत आहे," तो माणूस म्हणाला. "फोन मीच घेत होतो."

मग त्याने एक वडा घेतला, त्याच्यामागून सगळ्यांनी. मी धीर करून त्याला विचारलं, "पण झाड तसं बरं आहे ना?"

त्याने खोड ठोकून पाहिलं, वर नजर टाकली. "ठणठणीत आहे. आपल्या नातवंडांनाही पुरून उरेल."

"नक्की ना?" मी पुन्हा विचारलं. हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांना विचारलं होतं, अगदी तसंच. त्याला काय कळलं कोण जाणे, पण तो म्हणाला, "नक्की."

घरी आल्यावर ह्यांनी मुद्दा काढला. "झाड वाचलं कुणापासून? तुझ्यापासूनच. मग नवस कसला फेडतेस?"

पण देवाशी असला वकिली वाद मला नाही घालता येत. पुढच्या शनिवारी चपला ह्यांच्या हातात दिल्या आणि निघाले. पहिल्याच कुंपणापलीकडे उतरले ती थेट नेटल्समध्ये. पुढे मेंढ्यांनी वाटेत जे ठेवलं होतं, ते मी सांगत नाही, तुम्ही आत्ताच चहा घेतलाय.

ओकपर्यंत पोचले तेव्हा पाय टरारून सुजले होते. दगडावर मटकन बसले. हे माझ्या चपला काखेत धरून समोर वाकून, पायांना डॉकची, म्हणजे नेटल्सच्या खाजेवर इथे लावतात ती, पानं चोळून देत होते. एकदाही बसले नव्हते, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं.

"व्ह्यू छान आहे," मी म्हटलं.

"हो ना," हे म्हणाले. "पण ऊठ आता. आज मला तो केक खायचाय."

तेवढ्यात मार्गारेट कुत्र्याला घेऊन आली. माझा लाल चेहरा बघून तिने काळजीने ह्यांना विचारलं, "हार्टचा त्रास हिला आहे होय? मी आपली इतके दिवस तुम्हालाच समजत होते."