त्या वाटेला पुढारी नव्हता

अन्याय झाला तो लोणावळ्याच्या वरच्या अंगाला असलेल्या वाडीतल्या एका म्हाताऱ्या मावशीवर. गेल्या आषाढातल्या पहिल्या सोमवारी, सकाळी दहाच्या सुमारास, पोलीस चौकीत. मी तिच्या शेजारीच बाकावर बसलो होतो. तिला तिथवर आणणारा कागद मीच लिहिला होता, हे आधीच सांगून टाकतो.

वाडीतल्या बायका मोळ्या आणि करवंदं घेऊन बाजारात उतरतात. त्यांची पायवाट ज्या उतारावरून जायची, तो मुंबईच्या एका शेठनं घेतला आणि चैत्रात काटेरी तार ठोकली. आठवड्याभरात ओढ्याच्या कडेनं, लोंबत्या तारेखालून नवी वाट उमटली. शेठच्या माणसांनी काटे टाकले, वाट दोन हात सरकली. दगड रचले, आणखी सरकली.

मी हरखलो. पत्रक काढलं. आमच्या संघटनेच्या पत्रकांत 'यांच्या नेतृत्वाखाली' हे शब्द यायलाच हवेत. त्यांच्याशिवाय लढा लिहिता येतो हे आम्हाला कुणी शिकवलंच नव्हतं. म्हणून मी ठोकून दिलं : 'वाडीतील सर्वांत वयोवृद्ध मावशींच्या नेतृत्वाखाली भगिनींनी योजनाबद्ध रीतीने कुंपण निष्प्रभ केले.' योजनाबद्ध! लिहिताना केवढी ऐट वाटली होती.

फौजदारांनी तेच पत्रक टेबलावर पसरलं.

"कुणी ठरवलं, इथून जायचं म्हणून?"

"कुनी न्हाई साहेब. म्होरली गेली तशी मागली गेली."

"आणि म्होरली कोण?"

"पयली शेळी गेली."

"मग शेळीला पुढारी लिहू?"

"लिवा की. ती तरी कुनाच्या बापाला भीत न्हाई."

हवालदार हसला. फौजदारांनी माझं वाक्य मोठ्यानं वाचून दाखवलं. मावशी माझ्याकडे वळली.

"मला पुढारी केलंस व्हय रं? घरात सून ऐकत न्हाई माजं!"

मी उठून सांगितलं, हे खोटं आहे, मी मनाचं लिहिलंय. फौजदार म्हणाले, "बस खाली. पकडल्यावर सगळेच पलटतात." मी ज्या कागदाचा जाहीर अभिमान मिरवत होतो, त्याच्यातून मला बाहेर पडता येईना.

तालुक्याच्या कचेरीत हमीपत्रावर तिचा अंगठा घेतला. वर्षभर त्या उतारावर पाऊल टाकायचं नाही. टाकलं तर तुरुंग.

लाज वाटते, पण ती वाट कशी होते हे पाहायला मी त्यानंतर पहिल्यांदा गेलो. दगडावर बसून राहिलो. पावसानं गवत माजलेलं. शेळी वाकडीतिकडी गेली. तिच्यामागून मोळीवाली आली. गवत जिथं थोडं दबलं होतं तिथंच तिनं पाय टाकला, कारण डोक्यावर ओझं असलं की माणूस पाय घट्ट टेकेल अशीच जागा शोधतं. तिसरीला दबलेलं आणखी स्पष्ट दिसलं. एक ओलं वळण निसरडं निघालं, एकजण घसरली, पाठच्या सगळ्या न बोलता वरच्या अंगानं गेल्या. चार दिवसांत वळण मोडून वाट सरळ झाली. कुणी हाक दिली नाही, बैठक भरली नाही. प्रत्येकीनं फक्त आपला पाय सांभाळला, आणि एवढ्यातून शेठला पुरून उरेल अशी वाट झाली. असल्या गोष्टीला पकडायचं कुठं? म्हणून शेठला आणि फौजदारांना एक माणूस हवा होता. तो मी छापून दिला.

आता वाडी त्याच वाटेनं उतरते. मावशी दारात बसते. वाट तिच्या उंबऱ्यापासून दहा पावलांवर सुरू होते. सडकेच्या वळशानं मोळी नेणं तिच्या गुडघ्यांना झेपत नाही. परवा मी गेलो तर म्हणाली, "समद्यांनी केली, आन् मला एकलीलाच बंद." आत वळली. मला बस म्हणाली नाही.

वाचणाऱ्या, तू कधी लोणावळ्याला आला असशील, तारेखालून वाकून त्या वाटेनं वर चढला असशील, तर ती तूही तुडवली आहेस. 'वाईट वाटलं' असं मला कळवू नकोस. एका कागदावर लिही : ही वाट मीही केली, हिला पुढारी नव्हता. खाली सही कर, आणि तो कागद तालुक्याच्या कचेरीत स्वतः नेऊन दे.