धूर म्हणजे होगे

माझ्या एका शब्दामुळे चामराजपेटेतली एक प्राथमिक शाळा सकाळी साडेदहालाच सुटली.

त्या शाळेत माझी मेहुणी, म्हणजे बायकोची थोरली बहीण शिकवते. तिला सगळे अक्का म्हणतात. हे घराणं बंगळुरात इतक्या पिढ्या मुरलंय की त्यांच्या मराठीला कानडीची फोडणी असते. मी पुण्याहून आलेला जावई. वीस वर्षांत माझी कानडी ‘स्वल्प’ आणि ‘सरी’ यांच्यापुढे गेलेली नाही. (थोडं, आणि बरं. संसाराला पुरतात.)

आग लागली तर काय करायचं, हे अक्का दुसरीच्या मुलांना शिकवत होती. मागच्या तपासणीत मुलं नुसती खिदळली, म्हणून तपासणीचे साहेब पुन्हा येणार होते. या वेळी बिनसलं तर हे काम अक्काच्या हातून जाणार होतं, आणि तिचा त्यात फार जीव. नेमका तेव्हाच मी म्हणालो, “मलाही काहीतरी द्या ना. कॉलेजात नाटकं केलीत मी.”

“सरी, एक शब्द देते,” अक्का म्हणाली. “घंटा झाली की वर्गात शिरून ‘होगे’ म्हणायचं. होगे म्हणजे धूर. मुलं नाकाला रुमाल लावून रांगत बाहेर येतील.”

“पुढे दोन वाक्यं?”

“स्वल्पसुद्धा नाही.”

आठवडाभर मी ‘होगे, होगे’ करत घरभर येरझाऱ्या घातल्या. शेवटी बायको म्हणाली, “अहो, बसा की. खरा धूरसुद्धा एवढा फिरत नाही.”

तो दिवस उजाडला. अक्का आणि साहेब घड्याळ घेऊन मैदानात. मी दाराआड, पाय शिवशिवतायत. घंटा झाली. मी हात पसरून आत झेपावलो आणि शेवटच्या रांगेपर्यंत पोचेल अशा आवाजात गरजलो, “होगी! होगी!”

(होगी म्हणजे ‘जा’. हे मला नंतर कळलं.)

मुलं चक्रावली. पहिल्या बाकावरच्या दोन वेण्यांनी विचारलं, “मनेगा?” (म्हणजे ‘घरी?’ हेही नंतरच कळलं.) मला वाटलं, रुमालाचं विचारतेय.

“सरी, सरी!” मी उदारपणे म्हणालो.

सगळा वर्ग उठला. वा, जमलं! त्यांना हुरूप यावा म्हणून मी स्वतः रुमाल लावून पालथा पडलो आणि रांगू लागलो. माझ्या पाठीवरून दप्तरं गेली, डबे गेले, एक पाण्याची बाटली गेली. दुसरीचा वर्ग सुटला म्हटल्यावर पहिली-तिसरीही सुटली, मग चौथी. फाटकाला कुलूप होतं म्हणून शाळा मैदानात तरी थांबली.

मी मान वर केली तेव्हा वर्ग रिकामा होता आणि माझा गुडघा बाकाच्या पट्टीत अडकला होता. दारात साहेब आणि अक्का. साहेब कानडीत काही बोलले आणि वहीत लिहू लागले.

“गेलं का तुमचं काम?” मी जमिनीवरूनच विचारलं.

“नाही. अख्खी शाळा दोन मिनिटांत रिकामी झाली म्हणून खूश आहेत,” अक्का म्हणाली. “दप्तरं नेली म्हणून गुण कापले. मुलं सगळी वाचली. एक गृहस्थ दगावले.”

पुढच्या वेळी मला पुन्हा भूमिका आहे. स्ट्रेचरवर पडून राहायचं. अक्काने बजावलंय, बेशुद्ध माणूस ‘सरी’सुद्धा म्हणत नाही.